नऊ नंबरचा डोंगा

नोकरीत काय केलं असं कुणी विचारलं, तर मी सांगतो, पाणी सांभाळलं. ऐकणाऱ्याला वाटतं मी नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यात होतो. मग सांगावं लागतं की नाही बुवा, मी चंद्रपूरच्या एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होतो, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालो, आणि माझं पाणी म्हणजे डिस्टिल्ड पाणी. त्यावर माणूस "अच्छा, अच्छा" म्हणतो आणि विषय बदलतो. या अंकाच्या संपादकबाईंनी विषय बदलला नाही, उलट "लिहाच" म्हणाल्या. त्यामुळे इथून पुढची जबाबदारी त्यांची.

पाण्याच्या बाबतीत मी खरंच वेडा होतो. काचेचं भांडं नळाखाली तीनदा, डिस्टिल्डनं दोनदा, मग पालथं. कुणी ओल्या हातानं बीकर उचलला तर मी तो त्याच्यादेखत परत धुवायचो. एका नव्या मॅडमनी एकदा चहासाठी किटलीत डिस्टिल्ड पाणी ओतलं. मी दोन दिवस त्यांच्याशी बोललो नाही. पोरं मागे मला "पाणीवाले भाऊ" म्हणायची, ते मला ठाऊक होतं आणि आवडतही होतं. हे सगळं आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे याच माणसाच्या हातून काय झालं ते वाचताना तुम्हाला मजा येईल. मला तेव्हा आली नाही.

आमचे विभागप्रमुख शेख सर. चंद्रपूरचेच, वडिलांचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान होतं, आणि सरांचा हातही तसाच, घाई न करणारा. त्यांच्याकडे सुजाता पीएच.डी. करत होती. ती पोंभुर्ण्याकडची. आजोबा दीक्षा घेतलेल्या पिढीतले, त्यामुळे घरात बाकी कशाची सूट मिळाली तरी शिकण्यातून सुटका नव्हती. ती रोज पहिल्या एसटीनं यायची. मी भद्रावतीहून यायचो. दोघांपैकी जो आधी पोचेल त्यानं कुलूप उघडायचं, असं ठरलेलं होतं.

ती नेमकं काय करायची ते सांगतो. मीही ते चहा पिता पिता शिकलो, त्यामुळे घाबरण्याचं कारण नाही. आपल्या शरीरातल्या प्रत्येक पेशीभोवती एक पातळ, तेलकट पापुद्रा असतो. आत पाणी, बाहेर पाणी, मध्ये हे तेल. मीठ पाण्यात विरघळलं की त्याचे दोन भाग सुटे होतात, सोडियम आणि क्लोराइड, आणि दोघांवर विजेचा भार असतो. असा भार असलेल्या कणाला आयन म्हणतात. आयनाला पाणी मानवतं, तेल अजिबात चालत नाही. म्हणून तो पापुद्र्याच्या काठाशी येऊन थांबतो. शरीरानं त्यांच्यासाठी पापुद्र्यात दारं बसवलेली आहेत. काही थोड्या लोकांचं क्लोराइडचं दार जन्मापासून बिघडलेलं असतं. त्यांच्या फुफ्फुसात कफ घट्ट होऊन साचत राहतो, आणि घाम भलताच खारट येतो.

बिघडलेलं दार दुरुस्त करणं अवघड. म्हणून जगात काही मंडळी दुसराच उद्योग करून पाहतात. क्लोराइडला पोटाशी धरेल आणि बाहेरून स्वतः तेलकट असेल, असा एक लहानसा रेणू ते प्रयोगशाळेत बनवतात. तो रेणू पापुद्रा ओलांडणार, पलीकडे क्लोराइड सोडणार, परत येणार. आमच्याकडे पावसाळ्यात रपटा, म्हणजे नदीवरचा ठेंगणा पूल, बुडाला की नदीकाठची माणसं डोंग्यानं पार होतात. एका खोडातून कोरून काढलेली नाव, ती. एका वेळी दोन-चार माणसं, पण दिवसभर फेऱ्या. मी एकदा सुजाताला म्हटलं, "म्हणजे तू डोंगा बनवून राह्यली." ती हसली आणि म्हणाली, "भाऊ, सर दोन तास घेते हे सांगाले."

तिच्या रेणूंची नावं इतकी लांब होती की इथे लिहिली तर शेजारच्या लेखात शिरतील. म्हणून आम्ही त्यांना नंबरांनी ओळखायचो. डोंगा चालतो की नाही हे पाहण्याची रीत अशी. अंड्याच्या बलकातून काढलेल्या तेलकट पदार्थाचे डोळ्यांना न दिसणारे बुडबुडे करायचे, आत मिठाचं पाणी भरलेलं. बाहेरच्या पाण्यात क्लोराइड अजिबात नको. त्या पाण्यात क्लोराइड मोजणारी कांडी बुडवून ठेवायची, तिच्या आकड्यांची आलेखावर रेघ निघते. मग रेणूचा एक थेंब टाकायचा आणि बघत बसायचं. बाहेर क्लोराइड वाढायला लागलं तर डोंगा चालला. शेवटी साबण टाकून सगळे बुडबुडे फोडायचे, म्हणजे आत एकूण माल किती होता ते कळतं. आणि सगळ्याच्या आधी एक कोरा प्रयोग, रेणू न टाकता, नुसतं द्रावक टाकून. कोऱ्या प्रयोगात रेघ सपाट राहिली पाहिजे.

बुडबुडे करणं हे कष्टाचं काम. आधी ते गोठवायचे, मग वितळवायचे, असं पुन्हा पुन्हा. मग दोन काचेच्या सिरिंजा समोरासमोर लावून मधल्या बारीक जाळीतून इकडून तिकडे ढकलायचे, एकोणतीस वेळा. सम आकडा चालत नाही, कारण शेवटी माल पलीकडच्या सिरिंजमध्ये गेला पाहिजे, नाहीतर न गाळलेला गाळ त्यातच राहतो. सुजाताचे अंगठे सुजायचे, म्हणून ते काम मी घेतलं. माझी बायको सुमन सांगते की त्या काळात मी घरी पंख्याकडे बघतसुद्धा आकडे मोजायचो.

गोठवण्यासाठी द्रव नायट्रोजन लागतो, आणि तो चंद्रपुरात काही किराणा दुकानात मिळत नाही. मिळतो कुठे, तर जनावरांच्या दवाखान्यात, कृत्रिम रेतनासाठी ठेवलेला. मी आमच्या भागातल्या एका दवाखान्यात सरांचं पत्र घेऊन गेलो. तिथले डॉक्टर पत्र दोनदा वाचून म्हणाले, "भाऊ, हे आमच्या वळूचं नायट्रोजन हाय. तुमच्या बुडबुड्यांले कशाले पाहिजे? गाभण करता का त्यांले?" पण दिला बिचाऱ्यांनी, आणि पुढेही देत राहिले. भांड्याच्या तोंडातून पांढरी वाफ निघायची. एसटीत कंडक्टर ओरडला, "ओ भाऊ, फॅक्टरीतून काय उचलून आणलं? हे धुपून काऊन राह्यलं?" भद्रावतीचा माणूस काहीही घेऊन चढला की तो दारूगोळ्याच्या कारखान्यातूनच आला, अशी लोकांची समजूत असते. मी म्हटलं, "बैलाचं सामान हाय." सगळी बस वळून बघायला लागली. चंद्रपूर येईपर्यंत माझ्या शेजारची जागा रिकामीच राहिली.

असं पाच वर्षं चाललं. एक ते आठ नंबर वाया गेले. नऊ नंबर थोडा चालायचा, हळूहळू. सुजाताची विद्यापीठाची मुदत एकदा वाढवून झाली होती. दुसऱ्यांदा मिळणार नव्हती. जूनअखेर प्रबंधाचा सारांश गेला नाही तर पाच वर्षं, रोजची ती एसटी, सुजलेले अंगठे, सगळं पाण्यात. माझी निवृत्तीही त्याच वर्षी होती. तिचं काम संपलेलं पाहून जावं एवढीच माझी इच्छा होती.

एप्रिलमध्ये उपकरणांच्या खोलीतला एसी बंद पडला. चंद्रपूरचा उन्हाळा ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगून पटायचं नाही. सकाळी अकरापर्यंत कसंबसं बसता यायचं, दुपारी खोलीची भट्टी व्हायची. एकदा सुजाताच्या नाकातून रक्त आलं. ती तशीच नाकाला रुमाल धरून एका हातानं आकडे लिहीत होती. मला बघवलं नाही. ग्रंथालयातला जुना लोखंडी कूलर पडून होता. मी तो ओढत आणला, बाजूंना नव्या वाळ्याच्या ताट्या लावल्या, बोरिंगचं पाणी भरलं. हवा तिच्या तोंडावर यावी म्हणून कूलर टेबलाकडे तिरपा केला. बोरिंगची मोटर दुपारी चालू व्हायची, त्यामुळे कूलर जेवणानंतर सुरू व्हायचा आणि संध्याकाळी बंद. वाळ्याचा वास सुटला की ती म्हणायची, "भाऊ, तुमचं पुण्य लागते."

आणि पुण्य लागायला लागलं! तिचा रोजचा क्रम ठरलेला होता. सकाळी कोरा प्रयोग, मग तुलनेसाठी नऊ नंबर, मग जेवण, मग दुपारी नवा रेणू. दहा नंबर नऊपेक्षा बरा निघाला. अकरा त्याहून बरा. बारा, तेरा चढत गेले. आणि मे महिन्यात चौदा नंबर असा काही चालला की दहा मिनिटांत रेघ जवळजवळ साबणाच्या, म्हणजे सगळा माल बाहेर आल्याच्या, उंचीला टेकली. तिनं तो तीन दुपारी करून पाहिला, तिन्ही वेळा तेच. सरांचा आधीपासून अंदाज होता की रेणूची तेलकट शेपटी लांबवत नेली तर डोंगा वेगात जाईल. दहापासून चौदापर्यंत शेपटी लांबतच गेली होती. अंदाज बरोबर निघाला म्हणून सरांनी विभागाला समोसे दिले. त्यांच्या ओळखीचा एक पत्रकार समोसे खायला आला होता. दोन दिवसांनी स्थानिक पेपरात बातमी आली की चंद्रपूरच्या प्रयोगशाळेत फुफ्फुसाच्या असाध्य आजारावर "चौदा नंबर" नावाचं औषध सापडलं. सर चिडले, पण कात्रण त्यांनी फेकलं नाही.

त्या आठवड्यात एका दुपारी मी चष्मा काढून सुजाताच्या टेबलावर ठेवला आणि सिरिंजा धुवायला गेलो. परत येऊन चष्मा लावला तर सगळीकडे पांढरे ठिपके. पुसले, निघेनात. नखानं खरवडले तर निघाले. हे ठिपके मी आयुष्यभर काचेवरून काढत आलो होतो. खार होता तो. मग मला कांडी धरणाऱ्या स्टँडवर तेच ठिपके दिसले. तिची वही उघडी होती. दुपारच्या पानांवर शाई जागोजागी बारीक फुटली होती. पानं मागे उलटत गेलो. सकाळची सगळी पानं स्वच्छ होती.

मी कूलरच्या मागे जाऊन पाहिलं. एक ताटी खालून फाटली होती आणि तिथून पाण्याचे तुषार थेट पंख्यात जात होते. टाकीच्या कडेला बोटभर पांढरा थर. कूलरमधलं पाणी उडून जातं, खार उडत नाही. आम्ही रोज वरून नवं पाणी ओतलं आणि जुनं एकदाही उपसलं नाही. म्हणजे एप्रिलपासून टाकीतलं पाणी दिवसागणिक खारट होत गेलं होतं. त्याच दिवसांत दहाचे अकरा, अकराचे बारा झाले होते. आकडे शेपटीबरोबर नव्हे, माझ्या टाकीबरोबर चढत होते.

तरी मनाला वाटलं, नसेलही. बारावीच्या पोरांना तीस वर्षं मी जो प्रयोग मांडून दिला, तोच केला. एका काचेच्या बशीत डिस्टिल्ड पाणी घेऊन दहा मिनिटं तिच्या टेबलावर ठेवलं, दुसरी तशीच बशी कपाटात. मग दोन्हीत सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब. क्लोराइड असेल तर पाणी दुधाळ होतं. कपाटातलं पाणी तसंच राहिलं. टेबलावरचं पांढरं झालं. ज्या माणसानं मॅडमला चहाचं पाणी माफ केलं नाही, त्यानं स्वतःच्या हातानं पाच-सहा आठवडे त्या पोरीच्या प्रयोगात बोरिंगचा खार ओतला होता.

आणि मी गप्प बसलो. हे लिहिताना अजून लाज वाटते, पण लिहितो. सुजाता चहा पिऊन येईपर्यंत मी ताटी बदलली, टाकी उपसून कडेचा खार खरवडून काढला, बश्या धुऊन ठेवल्या. मनात म्हटलं, आता आकडे आपोआप खाली येतील, तिचं तिला कळेल, आपण कशाला तोंड उघडा. पण ती तर चौदाचे प्रयोग संपवून सारांश लिहायला बसली होती. पुन्हा प्रयोग करायचं तिला कारणच उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कोरपन्याकडचा एक माणूस आला. सिमेंट कारखान्यात कामाला, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत फाइल, फाइलमध्ये पेपरचं कात्रण. सर आणि सुजाता दोघंही परीक्षेच्या कामावर होते. मी त्याला बसवलं. त्याची सात वर्षांची मुलगी आजारी होती. तोच आजार, क्लोराइडच्या दाराचा.

"साहेब, तिचा पापा घेतला का ओठाले मीठ लागते," तो म्हणाला. "आमी आधी हसत होतो त्याच्यावर. घरी सगळे म्हणे, खारी पोट्टी." मग कात्रणावर बोट ठेवून म्हणाला, "हे चौदा नंबर कधी भेटन?"

मी साहेब नव्हतो, आणि चौदा नंबर म्हणजे काय हे त्या क्षणी त्या इमारतीत फक्त मला माहीत होतं. म्हटलं, "भाऊ, ते दवा नाई. आमी बुडबुड्यावर काम करतो, माणसावर नाई. पेपरवाल्यानं वाढवून लिवलं. तुमी नागपूरच्या डॉक्टरचं सोडू नका."

"डॉक्टर बी तेच म्हणते," तो म्हणाला. "म्हटलं, एक चक्कर मारून पाहावं." त्यानं कात्रणाची घडी घालून ते परत फाइलमध्ये नीट ठेवलं. मी त्याला पाणी दिलं, त्यानं ते सगळं प्यायलं, आपला फोन नंबर लिहून दिला आणि "येतो जी" म्हणून गेला. ते कात्रण फाडून टाका, असं म्हणायचं माझ्या तोंडावर आलं होतं. म्हटलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी सुजाताच्या आधी पोचलो. कूलरला ती फाटकी ताटी परत लावली, टाकीत चार मुठी तोच खरवडलेला खार टाकला, कूलर चालू केला. ती आली. "सकाळीच काऊन लावला, भाऊ?" मी टेबलावरची बशी आणि कपाटातली बशी शेजारी शेजारी ठेवून दोन्हीत थेंब टाकले.

ती दुधाळ बशीकडे बघत राहिली. "हे कुठलं पाणी?"

"आपलंच. डिस्टिल्ड. दहा मिनिटं तुह्या टेबलावर होतं."

तिनं कूलरकडे पाहिलं. मग वही काढली, दुपारची पानं, सकाळची पानं. ती हुशार, मला काही समजावून सांगावं लागलं नाही. वही मिटून म्हणाली, "भाऊ, कूलर बंद करा."

केला.

"तुमाले कधी कळलं?"

"परवा."

"परवा?" तिचा आवाज चढला. "आन आज सांगून राह्यले? मी काल रातभर बसून चौदाचा अख्खा भाग लिवला, भाऊ!"

त्यानंतर ती दिवसभर माझ्याशी एक शब्द बोलली नाही. मॅडमच्या चहावरून मी दोन दिवस अबोला धरला होता, त्या मानानं मला स्वस्तात सोडलं.

सरांना आम्ही दोघांनी जाऊन सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढून पुसला, बराच वेळ पुसला. "किती सुंदर आकडे होते, भाऊ," एवढंच आधी म्हणाले. मग म्हणाले, "अब्बा सांगायचे, बंद पडलेलं घड्याळ गिऱ्हाईक लगेच घेऊन येतं, पुढे धावणारं कौतुकानं घालून फिरतं. आपणही फिरलो. चला, सगळं पहिल्यापासून लावा." माझ्यावर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

कूलर व्हरांड्यात गेला. मी प्लॅस्टिकच्या झाकणांना तापलेल्या सळईनं बरोबर कांडीच्या मापाची भोकं पाडली, म्हणजे पात्र झाकलेलं राहील. डोक्याला ओला पंचा बांधून, हात कोरडे ठेवून आम्ही कामाला लागलो. बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नाही आणि आत तिघं जण एका रेघेकडे बघत बसलेले. चौदा नंबर टाकला. रेघ सपाट. पुन्हा टाकला. सपाट. जणू कोरा प्रयोग. तेरा सपाट, बारा सपाट. अकरा आणि दहा जरासे हलले, नावापुरते. सर हळूच म्हणाले की शेपटी लांबून रेणू इतका तेलकट झाला असणार की तो पाण्यातून पापुद्र्यापर्यंत नीट पोचतच नाही. डोंगा काठावरच चिखलात रुतला होता, आणि आम्ही पाऊस पाहून तो वाहतोय समजत होतो.

दोन दिवसांत सगळं उघडं पडलं. सुजाता भिंतीला टेकून खाली बसली. "पाच वर्षं, भाऊ," ती म्हणाली. रडली नाही. जून जवळ आला होता. मला एकदा वाटलं, हे मी सांगितलंच नसतं तर? मग कोरपन्याच्या माणसाची ती कात्रणाची घडी आठवली आणि तसं वाटल्याची लाज वाटली.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं सवयीनं कोरा प्रयोग लावला, सवयीनं नऊ नंबर लावला. तुलना कशाशी करायची हेही उरलं नव्हतं, पण हात चालत होते. जेवणानंतर मी म्हटलं, "नऊ आता दुपारी लावून पाह्य."

"नऊ कमजोर हाय, भाऊ."

"कोणाच्या पुढं कमजोर? चौदाच्या? चौदा तर मेला."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग नऊ नंबरचा थेंब टाकला. रेघ हळूहळू चढायला लागली. सकाळी चढली होती तशीच, तेवढ्याच घाईनं, म्हणजे अजिबात घाई न करता. अर्ध्या तासानं ती साबणाच्या निम्म्या उंचीवर पोचली होती. शेजारचा कोरा प्रयोग सपाट.

सुजाता उठली आणि वही घेऊन आली. एप्रिलपासूनची एकेक सकाळ ती काढत गेली. रोज सकाळी कूलर सुरू होण्याआधी, कोऱ्या प्रयोगाच्या लगोलग, नऊ नंबर. बत्तीस सकाळी. एकाही पानावर शाई फुटलेली नाही. तिनं सगळ्या रेघा संगणकावर एकमेकींवर टाकल्या. त्या इतक्या जुळल्या की दोन-तीन रेघांच्या जाडीची एकच रेघ दिसायला लागली. सर मागे उभे होते. ते म्हणाले, "याच्यासारखा भरवशाचा आकडा आपल्या विभागात आजवर निघाला नाही. आणि आपण त्याला रोज फक्त तुलनेला उभा करत होतो."

मला तेव्हा काय झालं ते सांगतो. मी बाहेर व्हरांड्यात गेलो, त्या लोखंडी कूलरवर बसलो आणि भरपूर रडलो. छातीवरचं एवढं मोठं ओझं उतरण्याचा अनुभव मला आयुष्यात दुसरा नाही, पोरीच्या लग्नातसुद्धा नाही. थोड्या वेळानं सुजाता बाहेर आली, माझ्या शेजारी कूलरवर बसली आणि म्हणाली, "उतरा भाऊ खाली, ताटी मोडन."

पुढचं सगळं धावपळीचं होतं पण सरळ होतं. नऊ नंबर कुणाच्याही हातून चालतो हे दाखवायला सरांनी स्वतः केला, दुसऱ्या एका विद्यार्थिनीनं केला, एकदा मीही केला. तिघांचीही रेघ तीच. दहा ते चौदा का चालत नाहीत यावर सुजातानं अख्खं प्रकरण लिहिलं. सारांश वेळेत गेला. पेपरवाल्यांना सरांनी खुलासा पाठवला, तो आतल्या पानावर दोन ओळींत आला. म्हणून सुजातानं कोरपन्याच्या त्या माणसाचा नंबर माझ्याकडून घेऊन स्वतः फोन केला. तो म्हणाला, मुलगी शाळेत जाते, नागपूरची दवा सुरू हाय, ताई तुमी तुमचं काम सोडू नका.  नऊ नंबर अजून औषधापासून फार लांब आहे, आणि हे तिनं त्याला स्पष्ट सांगितलं होतं.

तिची मौखिक परीक्षा झाली तेव्हा मी निवृत्त झालो होतो, पण चहाची व्यवस्था बघायला मुद्दाम गेलो. साध्या पाण्याचा चहा, याची खात्री करून. प्रबंध इंग्रजीत आहे. त्यातलं एक वाक्य मी पाठ केलं आहे. त्याचा अर्थ असा की सर्व मोजमापं खोलीतला कूलर बंद ठेवून आणि पात्र झाकून घेतली आहेत. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकं त्याच वाक्यावर बोट ठेवलं, हे कशासाठी म्हणून. सुजातानं सगळी गोष्ट सांगितली, बश्यांसकट. ते थंड प्रदेशातून आलेले गृहस्थ असावेत, कारण कूलर म्हणजे काय हे आधी त्यांना समजावून सांगावं लागलं. पडद्यावर तिनं पापुद्र्याचं चित्र काढलं होतं आणि त्यात डोंगाही होता. दाराच्या फटीतून मी तो पाहिला.

ती आता गडचिरोली जिल्ह्यात एका कॉलेजात शिकवते. गेल्या मे महिन्यात आमच्या भद्रावतीच्या घरी आली. आमच्या बैठकीत कूलर चालू होता, मोठा, नव्या ताट्यांचा. सुमननं चहा आणला. सुजाता तिच्या नव्या विद्यार्थ्यांबद्दल सांगत होती, त्यांना काच कशी धुवायची ते कसं शिकवते त्याबद्दल. बोलता बोलता तिनं कपाखालची बशी काढली आणि कपावर झाकण म्हणून ठेवली. मग स्वतःच्याच हाताकडे बघून थांबली.

मी उठून कूलर बंद केला.

"राहू द्या, भाऊ," ती हसत म्हणाली. "किती गरमी हाय. चहाच तर हाय."

मी कूलर पुन्हा चालू केला. पण त्याचं तोंड भिंतीकडे करून.